गाभा आणि वरचं सगळं

सुबोध तिरोडकरने अकरा वर्षं एकच प्रोग्राम लिहिला. दिंडोशीच्या वसाहतीतल्या त्याच्या घरात, आतल्या खोलीत, कपाट आणि खिडकी यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत एक टेबल होतं, तिथे बसून.

कॉम्प्युटर चालू केला की सगळ्यात आधी जो प्रोग्राम जागा होतो, बाकीच्यांना मेमरी वाटून देतो, कुणी कधी चालायचं ते ठरवतो, स्क्रीनशी आणि कीबोर्डशी बोलतो, त्याला कर्नल म्हणतात. असे कर्नल जगात आयते मिळतात, फुकट मिळतात, हजारो माणसांनी घासूनपुसून ठेवलेले. सुबोधला स्वतःचा हवा होता. त्याचं नाव त्याने ‘गाभा’ ठेवलं होतं. गाभा दोन सेकंदांत चालू व्हायचा, काळ्या स्क्रीनवर एक पांढरी रेघ लुकलुकायची, आणि बस्स. त्यावर पत्र लिहिता यायचं नाही, गाणं ऐकता यायचं नाही, साधा हिशेबही करता यायचा नाही. वरचं ते सगळं कधीतरी होईल, असं सुबोध म्हणायचा.

पोटापाण्यासाठी तो साकीनाक्याच्या एका कुरिअर कंपनीचे सर्व्हर सांभाळायचा. निम्मे दिवस घरूनच. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, गिरणी बंद पडल्यावर घर दिंडोशीला आलं. सुबोध त्या घरातला पहिला पदवीधर. स्वभावाने मऊ, बोलायला कमी. घरातलं बोलायचं खातं त्याची बायको अनुपमा हिच्याकडे होतं. ती गोरेगावच्या एका पतपेढीत काउंटरवर बसायची आणि तिचा आवाज रांगेच्या शेपटापर्यंत जायचा. नवऱ्यालाही ती खातेदारासारखी आडनावाने हाक मारायची. “तिरोडकर, जेवायला या! तुमचा गाभा पळून जात नाही!”

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर, त्याच काउंटरवर, तिच्या हातातलं पेन पडलं. ते उचलायला ती वाकली आणि तशीच कलंडली.

पालिकेच्या हॉस्पिटलात ती बरेच दिवस होती. घरी आली तेव्हा उजवा हात लोंबत होता, उजवा पाय ओढत, काठी टेकत ती चालत होती. पण ते काहीच नव्हे. बोलणं गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतं सगळं, तुम्ही काय बोलता ते कळतं, पण आतून शब्द काढायचा रस्ताच तुटलाय. एकच शब्द त्या पडझडीतून वाचला होता, तो म्हणजे ‘परवा’. का वाचला ते कुणालाच सांगता येईना. पाणी हवं असलं तरी परवा. पंखा बंद करायचा असला तरी परवा. दुखत असलं तरीही परवा, फक्त जास्त जोरात.

आता स्वयंपाकपाणी सुबोधकडे आलं. कोविडमध्ये त्याला वास यायचा बंद झाला होता तो काही धड परत आला नव्हता. आमटी लागली, दूध नासलं, हे इतकी वर्षं अनुपमाच ओरडून सांगायची. आता ती खुर्चीत बसल्या बसल्या हात आपटायची आणि सुबोध भलत्याच दिशेला धावायचा.

मुलगी निधी अंधेरीच्या एका हॉटेलात फ्रंट डेस्कवर होती. एका संध्याकाळी ती ड्यूटीवरून आली, तर आई भिंतीकडे तोंड करून बसलेली आणि बाबा आतल्या खोलीत.

“आई जेवली?”

“हो.”

“मग रडली का?”

सुबोधने खुर्ची वळवली. “ती काहीतरी मागत होती. मी विचारलं, पाणी? नाही. बाथरूम? नाही. टीव्ही? नाही. गोळी? नाही. सगळं विचारून झालं, निधी. मग ती रडायला लागली.”

“मग तू काय केलंस?”

त्याची नजर परत स्क्रीनकडे गेली.

“तू आत येऊन बसलास,” निधी म्हणाली. “झकास.”

ते खरं होतं. आणि आत बसल्यावर त्याला बरं वाटलं होतं, हेही खरं होतं. गाभा कोसळला तरी कोसळताना स्क्रीनवर लिहून जायचा, मी इथे पडलो, या पत्त्यावर, या कारणाने. चिप बनवणाऱ्यांनी जाडजूड पुस्तकांत सगळं नोंदवून ठेवलेलं होतं. पान काढा, वाचा, चूक सापडतेच. आज ना उद्या सापडतेच. बाहेरच्या खोलीत तसलं कुठलं पुस्तक नव्हतं.

हॉस्पिटलात वाचा-उपचार करणाऱ्या रेवती मॅडम होत्या. त्यांनी चित्रांची कार्डं दिली आणि म्हणाल्या, “टॅब्लेटवर अशी अ‍ॅप मिळतात. चित्र दाबलं की आवाज येतो. घेऊन बघा एखादं.”

“मी बनवतो,” सुबोध म्हणाला.

“तुम्ही बनवता? छान की.”

त्याने हे सांगितलं नाही, की तो ते गाभ्यावर बनवणार आहे. त्याच्यापाशी कारणं तयार होती. टॅब्लेटवर मध्येच जाहिराती येतात, अपडेट येतात, बॅटरी उतरते. गाभा दोन सेकंदांत उठतो. गाभ्यात काय चाललंय ते त्याला शेवटच्या ओळीपर्यंत माहीत आहे. कंपनीच्या भंगारात बिलिंगचं एक जुनं टचस्क्रीन मशीन पडलं होतं, ते त्याने मागून आणलं आणि कामाला लागला.

पण गाभ्याला बोटाचा स्पर्शच कळत नव्हता. आधी ते शिकवायला हवं. ते शिकवायचं तर आत मेमरी वाटायची पद्धत थोडी बदलायला हवी. ती बदलली तर आणखी एक जागा डळमळायला लागली. दिवाळी गेली, थंडी आली. अनुपमा कार्डांचा गठ्ठा डाव्या हाताने पिसायची, हवं ते सापडायचं नाही, गठ्ठा फेकून द्यायची. निधी कार्डं गोळा करायची. आणि एके दिवशी सुबोध आतून ओरडला, “निधी! बघ, बघ!”

ती धावत गेली. स्क्रीनवर एक पांढरा ठिपका सुबोधच्या बोटामागून सरकत होता.

“हे काय आहे?”

“बोट कळतंय त्याला!”

निधीने ठिपक्याकडे बघितलं, बापाकडे बघितलं. “बाबा, बाहेर तुझी बायको मुकी बसलीय,” ती म्हणाली आणि निघून गेली.

तेव्हा कुठे त्याने चैतन्यला फोन केला.

चैतन्य हिवराळे घाटकोपरचा, तिशीचा, मोबाइलची अ‍ॅप लिहिणारा. दोघांची ओळख हौशी प्रोग्रामरांच्या एका गटात झाली होती. हे लोक महिन्यातून एकदा मुलुंडला कुणाच्या तरी घरी जमायचे आणि आपापले कर्नल एकमेकांना दाखवायचे. त्या सगळ्यांत चैतन्य एकटाच वेगळा. त्याच्याकडे स्वतःचा कर्नल नव्हता. दुसऱ्यांच्या कर्नलवर चालणारे प्रोग्राम लिहायची त्याला हौस. एकदा त्याने गाभ्यासाठी मजकूर लिहायचा छोटासा प्रोग्राम केला होता. सुबोधने पुढच्याच महिन्यात गाभ्याची आतली दारं, म्हणजे वरच्या प्रोग्रामांनी त्याच्याशी बोलायची पद्धत, बदलली, तो प्रोग्राम बंद पडला. चैतन्यने दुरुस्त केला. सुबोधने पुन्हा दारं बदलली. तिसऱ्या वेळी चैतन्यने नाद सोडला होता. तरी तो आला. आधी बाहेरच्या खोलीत अनुपमासमोर खुर्ची ओढून बसला.

“काकी, ओळखलंत? मी चैतन्य. तुमच्याकडची सोलकढी पिऊन गेलेला.”

अनुपमा हसली. “परवा,” ती म्हणाली.

“परवा नाही, चार वर्षं झाली,” चैतन्य म्हणाला. ती आणखी हसली. तिला असं हसताना सुबोधने कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. तो दारातच उभा राहिला.

आत आल्यावर चैतन्यने ठिपका पाहिला. मग म्हणाला, “दादा, हे टॅब्लेटवर मी तुम्हाला शनिवार-रविवारमध्ये करून देतो.”

“नको. याच्यावरच करायचंय.”

“का?”

“याच्यावर माझा भरवसा आहे.”

“भरवसा आहे की याच्यातून बाहेर यायचं नाहीये?”

सुबोधला राग आला. “तुला गंमत वाटते? हे करायला काय लागतं ते तुला माहितीये. वरचे प्रोग्राम काय, कुणीही लिहील.”

“मग लिहीत का नाही कुणी?” चैतन्यचा आवाज चढला नाही, पण तो थांबलाही नाही. “आपल्या गटात बघा ना. जितकी डोकी तितके कर्नल. सगळे पहिलं अक्षर स्क्रीनवर उमटवतात, नाचतात, आणि एकाच्याकडेही धड पत्र लिहायचा प्रोग्राम नाही. आहेत त्या कर्नलवर नवं काही रचावं, तर तेही नाही. का सांगू? कर्नलचे प्रश्न ठरलेले असतात, दादा. उत्तर बरोबर की चूक ते मशीन सांगतं. आणि वापरणारं कुणी नसतं, म्हणून तक्रार करणारंही कुणी नसतं. वरचं लिहायला घेतलं की समोर माणूस येऊन बसतो. तो म्हणतो, हे नको. का नको? माहीत नाही, पण नको. ते ऐकून घ्यायला जिवावर येतं आपल्या.”

“तू मला शिकवू नकोस.”

“नाही शिकवत. चित्रं किती हवीत, बोला.”

चित्रं आठ झाली. पाणी, जेवण, बाथरूम, दुखतंय, पंखा, गोळी, निधी, आणि ‘इकडे या’. आवाजाचं काम गाभ्यात नव्हतंच, त्यामुळे चित्र बोलायचं नाही. दाबलं की ते मोठं व्हायचं आणि मशीन कर्कश पीप करायचं. मशीन चाकांच्या टेबलावर चढलं आणि अनुपमाच्या खुर्चीपुढे आलं. सुबोधने तिच्यासमोर बसून नीट समजावलं, “अनु, काही हवं असलं की दाबायचं. मी आत असलो तरी ऐकू येतं. वाजलं की मी आलोच.”

आणि ते चाललं. अनुपमा दाबायची, मशीन वाजायचं, सुबोध यायचा. रेवती मॅडमना त्याने फोटो पाठवला. घरातला ताण जरासा उतरला, निधीही कडू बोलायची थांबली. फक्त एक गोष्ट सुबोधच्या हळूहळू अंगवळणी पडली. मशीन वाजलं नाही, तर अनुपमाच्या ‘परवा’कडे त्याचं लक्ष जाईनासं झालं. ती म्हणत राहायची. त्याला वाटायचं, महत्त्वाचं असेल तर दाबेल.

उन्हाळा लागला. शेजारची इमारत पाडून नवी उठत होती, सिमेंटची धूळ घरभर यायची म्हणून खिडक्या दिवसभर बंद असायच्या. एका सकाळी सुबोधला गाभ्यात एक सुधारणा सुचली. मेमरी वाटायची पद्धत आणखी चपळ होणार होती. बाहेरचं मशीन व्यवस्थित चालत होतं, त्याला हात लावायची काडीचीही गरज नव्हती. पण नवा गाभा तयार झाल्यावर तो तिथे घातल्याशिवाय त्याला चैन पडेना. त्याने घातला. एकदोन चित्रं दाबून पाहिली. वाजली. निधी कामावर गेली. जेवणं झाली. दुपारी सुबोधने चहासाठी दूध मंद आचेवर ठेवलं, आणि ते तापेपर्यंत एक गोष्ट तपासावी म्हणून आत गेला.

एका गोष्टीतून दुसरी निघाली.

“परवा,” बाहेरून आवाज आला.

तो वाचत होता. मान न वळवता म्हणाला, “हो गं.”

“परवा! परवा!”

“बटण दाब ना, अनु!”

थोडा वेळ शांतता. मग काहीतरी आपटल्याचा आवाज. मग पुन्हा परवा, या वेळी लांबट, गळा ताणून. सुबोधने कान दिला. पीप नव्हती. मशीन वाजत नव्हतं, म्हणजे टीव्हीवर काहीतरी चाललं असेल, किंवा तिची नेहमीची चिडचिड. समोर स्क्रीनवर एक आकडा येत होता, तो यायला नको होता. तो कुठून येतो ते जवळजवळ सापडलं होतं. आता उठलो तर धागा तुटेल, एवढंच त्याच्या मनात आलं.

काठीचा आवाज आला. टक्, मग पाय घासल्याचा आवाज, मग टक्. मग काहीतरी धपकन पडलं, पण शेजारच्या बांधकामावर दिवसभर काहीतरी पडतच असायचं.

आणि मग बाहेर अगदी सामसूम झाली. त्याला हायसं वाटलं. पुढे कित्येक दिवस त्याला सगळ्यात जास्त खुपत राहिलं ते हे हायसं वाटणं.

आकडा सापडला. सुबोध उठला, आळस दिला, आणि त्याला चहा आठवला. बाहेरच्या खोलीत खुर्ची रिकामी होती. चाकांचं टेबल आडवं झालं होतं, मशीन एका कडेला लटकलं होतं. “अनु?” तो म्हणाला आणि स्वयंपाकघरात शिरला.

अनुपमा ओट्याखाली जमिनीवर बसली होती, पाठ कपाटाला टेकलेली, काठी दूर पडलेली. कपाळावर घामाने केस चिकटले होते. ओट्यावर, शेगडीवर, जमिनीवर दूध सांडलं होतं. तिचा डावा हात वर, शेगडीच्या कडेवर होता.

“अगं, पडलीस? तू कशाला उठलीस? दूध मी घेतलं असतं ना!” घाबरलेल्या माणसाचा आवाज चढतो तसा त्याचा चढला. “तुला किती वेळा सांगितलं, उठायचं नाही!”

तो तिला उचलायला वाकला. तिने मान जोरजोरात हलवली. “परवा, परवा, परवा—”

“बरं, बरं. थांब, आधी हे पुसतो. चहा देतो तुला गरम.” आणि काय करावं ते न सुचून, हात आपोआप जातो तसा, त्याचा हात शेगडीच्या मागे ठेवलेल्या लायटरकडे गेला. दुसरा हात बटणावर.

अनुपमाने अंग पुढे फेकलं. डाव्या हाताची चापट त्याच्या मनगटावर अशी बसली की लायटर उडून फ्रिजखाली गेला.

“मेल्या!” ती ओरडली.

सुबोध जागच्या जागी थिजला. सात महिन्यांत तिच्या तोंडून ‘परवा’शिवाय दुसरा शब्द उमटला नव्हता.

ती नाकाला हात लावत होती. नाक, मग शेगडी. नाक, शेगडी. बंद खिडकी. आणि मग सुबोधच्या डोक्यात एकदम सगळं लागत गेलं. दूध उतू गेलं, आच विझली. गॅस सुरूच राहिला. घरभर भरला. त्याच्या नाकाला पत्ता नाही. तिला पहिल्यापासून कळत होतं.

बाहेरून दार बडवल्याचा आवाज आला. “सुबोध! अरे वास येतोय जिन्यात! दार उघड!” समोरच्या शकुमावशी होत्या. बेलकडे गेलेला हात त्यांनी ठिणगीच्या भीतीने आवरला होता, हे नशीब.

त्याने खिडकी उघडली. सिलिंडरचं बटण फिरवलं. शेगडीचं बटण बघितलं, ते आधीच बंद होतं. ती फरपटत आली होती, पडली होती, आणि पडल्या पडल्या हात वर नेऊन तिने ते बंद केलं होतं. त्याने तिला काखेत धरून उठवलं, शकुमावशींनी दुसऱ्या बाजूने धरलं, आणि दोघांनी तिला जिन्यात नेऊन पायरीवर बसवलं. मावशी तिला पदराने वारा घालत होत्या. सुबोध तिच्या खालच्या पायरीवर बसला, आणि तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

बऱ्याच वेळाने, वास गेल्याची मावशींनी खात्री दिल्यावर, तो एकटा आत गेला आणि लटकलेलं मशीन त्याने सरळ केलं. स्क्रीनवर आठही चित्रं होती. त्याने ‘इकडे या’ दाबलं. काहीच झालं नाही. ‘दुखतंय’ दाबलं. काहीच नाही. काचेवर तिच्या बोटांचे ठसे होते, एकावर एक, पुसट झालेले, सगळ्या चित्रांवर. ‘पाणी’वर, ‘गोळी’वर, ‘निधी’वरसुद्धा.

काय झालं ते त्याला पाहताक्षणी कळलं. सकाळच्या सुधारणेमुळे गाभ्यातली दोन कामं, एक बोट वाचणारं आणि एक चित्र काढणारं, एकमेकांनी जागा सोडायची वाट बघत थांबून राहिली होती. ती जन्मभर थांबली असती. असं होतं तेव्हा गाभा पडत नाही आणि काही लिहूनही जात नाही. नुसता उभा राहतो.

निधी आली तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, लायटरही नाही, आणि आवाज ऐकू येत होता हेही नाही. त्याला वाटलं ती ओरडेल. ती चपला न काढता तशीच उभी राहिली. मग आईजवळ गेली, तिच्या मांडीवर डोकं ठेवून बसली. दुसऱ्या दिवशी तिने आपला जुना टॅब्लेट कपाटातून काढला, पुसला, आणि बापाच्या टेबलावर ठेवला.

गाभ्यातली ती चूक सुबोधने दुरुस्त केली. चार ओळींचं काम होतं. ओळी बरोबर बसल्यावर त्याला नेहमीसारखाच आनंद झाला, आणि त्या आनंदाची त्याला शरम वाटली. त्याने मशीन बंद केलं, वायर गुंडाळली आणि ते माळ्यावर चढवलं.

मग त्याने चैतन्यकडून टॅब्लेटवरचं काम शिकून घेतलं आणि निधीच्या आवाजातले शब्द भरून चित्रांचा नवा प्रोग्राम केला. आयती अ‍ॅप होतीच, पण त्यातला आवाज बातम्या देणाऱ्या बाईसारखा होता आणि अनुपमाने तो ऐकून तोंड फिरवलं होतं. काम चैतन्यने सांगितल्याप्रमाणे सोपं गेलं. सुबोधने टॅब्लेट तिच्यापुढे ठेवला. तिने बघितलं, ‘पाणी’वर बोट ठेवलं आणि ते चित्र बाहेर ढकलल्यासारखं केलं.

“नको? पाणी नको?”

तिने मान हलवली. उठली, काठी टेकत गेली, माठातून पाणी घेऊन प्यायली, आणि परत येऊन बसली. पाणी तिचं तिला घेता येत होतं. मग ‘पंखा’ काढायला लावला. ‘बाथरूम’ काढायला लावताना तर तिने टॅब्लेटवर मूठ आपटली.

“मग काय हवंय, अनु?”

“परवा,” ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले.

त्या संध्याकाळपासून तो रोज तिच्यासमोर बसायला लागला. तिथे पत्ता लिहून देणारं काही नव्हतं. तो विचारायचा, ती नाही म्हणायची. कधी तो चिडून उठायचा, खाली जाऊन बागेला फेऱ्या मारायचा. एकदा तिथूनच त्याने चैतन्यला फोन लावला.

“अरे, वाट लागली माझी. चूक कुठे आहे तेच कळत नाही! प्रोग्राम बरोबर चालतोय आणि तरी चुकीचा आहे!”

“हां,” चैतन्य म्हणाला. “आता कसं.”

“हसू नकोस.”

“हसत नाही, दादा. वर जा. एकट्या आहेत त्या.”

तो वर गेला. हळूहळू, फार हळू, त्याला अंदाज यायला लागला. तिला काही मागायचं नव्हतंच मुळी. तिला बोलायचं होतं. कोण आलं होतं? निधीला उशीर का? पतपेढीतली माझी जागा कुणाला दिली? शकुमावशींच्या सुनेचं काय झालं? भाजीत मीठ कमी आहे. तुम्ही दाढी करा. ते शेवटचं तिने खुणेने सांगितलं तेव्हा त्याला कळायला अर्धी संध्याकाळ गेली, आणि कळल्यावर तो आधी हसला, मग उठून दाढी करून आला. ‘तिरोडकर’ हे बटण मात्र त्याने स्वतःहून घातलं. ते तिने काढायला लावलं नाही. दिवसातून दहादा दाबायची.

जागा बदलायच्या, शब्द बदलायचे. आज ठेवलेलं उद्या नको असायचं. उजवा हात लुळा, म्हणून सगळं डावीकडे घ्या. मासा म्हणून त्याने एकच चित्र टाकलं होतं. ते बघून तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला सासुरवाडी आठवली. बांगडा वेगळा, सौंदाळे वेगळे, तारली वेगळी. प्रोग्राम संपतच नव्हता. रेवती मॅडमनी तो हॉस्पिटलात आणायला सांगितला, तेव्हा गोवंडीचे रतनराव नावाचे एक पेशंट भेटले. त्यांनी पाच मिनिटं दाबून पाहिला आणि मुलाकरवी सांगितलं, बाईच्या आवाजात मी बोलणार नाही. सुबोध ओठ आवळून घरी आला आणि पुन्हा बसला.

पावसाळा सरून मासे पुन्हा यायला लागल्यावर अनुपमाने बाजारात जायचा हट्ट धरला. काउंटरवर कलंडली त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. निधी म्हणाली, “गर्दीत कशाला?” पण अनुपमाने काठी घेतली आणि दारात जाऊन उभी राहिली. सुबोधने टॅब्लेट पिशवीत घातला, आवाज पूर्ण वाढवून ठेवला.

बाजारात ओल, ढकलाढकली, हाका. तो एक पाऊल मागे चालत होता, ती घसरेल म्हणून दोन्ही हात पुढे धरून. तिच्या नेहमीच्या कोळणीपाशी ती थांबली. कोळीण इतक्या दिवसांनी बघून काहीतरी बोलली. अनुपमाचा गळा हलला, शब्द आला नाही. सुबोधने लगबगीने टॅब्लेट काढून तिच्यापुढे धरला. तिने ‘बांगडा’ दाबला. निधीचा बारीक आवाज त्या कालव्यात कुणाच्याही कानापर्यंत गेला नाही. पुन्हा दाबला. मागून कुणीतरी म्हणालं, “ताई, सरका ना जरा.”

“मी सांगतो,” सुबोध पुढे झाला. “बांगडे—”

अनुपमाने डावा हात आडवा धरला. त्याच्या छातीवर. थांब.

तिने टॅब्लेट त्याच्याकडे परत लोटला, काठी बगलेत मारली, कमरेत वाकली आणि बांगड्याचा कल्ला बोटाने उचलून बघितला. मान हलवली. दुसरा उचलला. तोही बाजूला. कोळीण बोलू लागली तशी अनुपमाने तिच्याकडे नुसतं बघितलं, काउंटरवरून बघायची तसं. कोळणीने जीभ चावली, पाटाखालची टोपली ओढली आणि तिच्यातले काढले. अनुपमाने एकेक करून निवडले. मागची माणसं थांबली. घाई करायचं कुणाला धाडस झालं नाही.

सुबोध पिशवी उघडी धरून उभा होता. इतक्या महिन्यांचं काम काखोटीला मारून. क्षणभर त्याला वाईट वाटलं, नाही असं नाही. मग तो तिच्या हाताकडे बघू लागला, ती कुठल्या माशाला काय करते, कधी मान हलवते, कोळीण कशावरून ओळखते. शेवटचा बांगडा पिशवीत पडला तरी तो बघतच राहिला होता. अनुपमाने त्याला कोपराने ढोसलं आणि पुढच्या पाटाकडे बोट दाखवलं. तिकडे तारली होती.